आधी श्वास सोडायला शिकावे : जुनाट फुप्फुसविकार असणाऱ्यांसाठी श्वसनसराव आणि व्यायाम

धाप लागणाऱ्या माणसाला घरातून पहिला सल्ला मिळतो तो बसून राहण्याचा. सून हातातली घागर काढून घेते, मुलगा शेताकडे जाऊ देत नाही, शेजारीपाजारी 'आता या वयात कशाला दगदग' म्हणतात, आणि हे सारे मायेपोटीच होते. परंतु सीओपीडी (धूर-धुळीने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार), जुना दमा, क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेली फुप्फुसाची हानी, श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साठत राहणारा ब्राँकिएक्टॅसिस किंवा फुप्फुस घट्ट होत जाणारा फायब्रोसिस यांपैकी कोणताही विकार असलेल्या माणसाचे बसून राहण्याने जेवढे नुकसान होते, तेवढे बेताने चालण्याने सहसा होत नाही. बसून राहिल्याने मांड्या आणि पोटऱ्या झिजतात. झिजलेले स्नायू लवकर थकतात, थोड्याशा कामालाही फुप्फुसांकडून जास्त हवा मागतात, त्यामुळे धाप वाढते आणि धाप वाढली म्हणून माणूस आणखी बसतो. फुप्फुसाची गेलेली ताकद व्यायामाने परत येत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले पाहिजे. मात्र पाय तयार झाले की तेच फुप्फुस घेऊन माणूस अधिक लांब जाऊ शकतो, स्वतःची आंघोळ स्वतः करू शकतो आणि दवाखान्याच्या फेऱ्याही कमी होतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा विषय घराघरांतला आहे. निपाणीकडे तंबाखूच्या वखारींत आयुष्य काढलेली माणसे आहेत, वडगाव-शहापूरकडे मागावर काम करणारी आहेत, उद्यमबागेत फाउंड्रीची धूळ श्वासात घेतलेले कामगार आहेत आणि उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाच्या चुलवणापुढे हंगामामागून हंगाम घालवलेले लोक आहेत. ज्यांनी विडीला कधी हात लावला नाही अशा बायकांनाही सीओपीडी होतो, कारण शेणी आणि काटक्यांच्या चुलीपुढे त्यांची तीस-चाळीस वर्षे गेलेली असतात. पुढील मार्गदर्शन अशा सर्वांसाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांसाठी आहे. डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि पंप (श्वासातून औषध ओढण्याचे इनहेलर) यांच्या जोडीने ते वापरायचे आहे, त्यांच्याऐवजी नव्हे.

सुरुवात करण्यापूर्वी

धाप कशामुळे लागते हे आधी निश्चित झाले पाहिजे. फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी, छातीचा एक्स-रे आणि हृदयाची तपासणी एवढे तरी झालेले असावे, कारण हृदयाचा विकार आणि रक्ताची कमतरता यांमुळेही अशीच धाप लागते. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, सायंकाळी बारीक ताप येत असेल किंवा वजन घटत असेल तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करून घ्यावी. ती जवळच्या सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, ताप असेल किंवा फुप्फुसाबाहेर छातीत हवा शिरल्याचे निदान अलीकडे झाले असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी देईपर्यंत व्यायाम सुरू करू नये.

बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत छातीचे डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट दोन्ही भेटतात. पुष्कळ कुटुंबे जुन्या सवयीने मिरज-कोल्हापूरलाही जातात. कुठेही गेले तरी तेथे तीन गोष्टी विचारून वहीत मराठीत लिहून घ्याव्यात: मला नेमका कोणता विकार आहे, चालताना माझा ऑक्सिजन किती खाली जातो, आणि व्यायामाआधी पंप घ्यायचा आहे का. दवाखान्याचे कागद इंग्रजीत असतात, समजावणारी व्यक्ती कधी कन्नडमध्ये बोलते आणि रुग्ण मान डोलावून घरी येतो. असे होऊ देऊ नये, पुन्हा विचारण्यात संकोच धरू नये. जमल्यास सहा मिनिटांची चालण्याची तपासणी करून घ्यावी. तीस मीटरच्या सरळ जागेत सहा मिनिटांत किती अंतर चालून होते आणि त्या वेळी ऑक्सिजन व नाडी कशी बदलते हे त्यात पाहतात. पुढचा सगळा व्यायाम त्या आकड्यांवर बेतता येतो. पर्यवेक्षणाखालचा पुनर्वसनाचा कार्यक्रम साधारणपणे आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते बारा आठवडे चालतो. तो परवडत आणि पोहोचत असेल तर अवश्य करावा, आणि ते शक्य नसेल तर निदान एक-दोन वेळा फिजिओथेरपिस्टसमोर सराव करून मग घरी चालू ठेवावा.

घरात फार साहित्य लागत नाही. हात नसलेली, न हलणारी, साधारण दीड फूट उंचीची खुर्ची, पाण्याच्या दोन लहान बाटल्या, घड्याळ, वही आणि रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण टक्क्यांत दाखवणारा, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर एवढे पुरे. ऑक्सिमीटर लावताना बोट गरम असावे, नखाला रंग नसावा आणि हात स्थिर असावा. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गारठलेल्या बोटावर तो चुकीचा, बहुतेक वेळा कमी आकडा दाखवतो आणि घरचे विनाकारण घाबरतात.

श्वास सोडण्याची रीत

धाप लागलेला माणूस 'हवा आत जात नाही' असे म्हणतो आणि जोरजोराने आत ओढू लागतो. सीओपीडीमध्ये खरी अडचण उलटी असते. श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, फुप्फुसाची लवचीकता गेलेली असते, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो; घाईघाईने श्वास घेतला की जुनी हवा बाहेर पडण्याआधीच नवी आत येते आणि छाती फुगून राहते. बस स्थानकावर भरलेल्या गाडीतले लोक उतरल्याशिवाय नवे चढू शकत नाहीत, तसेच हे आहे. म्हणून शिकायचे ते श्वास सोडणे.

खुर्चीत पाठ टेकून बसावे, खांदे सैल सोडावेत. तोंड मिटून नाकाने सावकाश, मनात दोन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा. फार खोल घेण्याची गरज नाही, नेहमीएवढाच पुरे. मग गरम चहावर फुंकर घालताना करतो तसा ओठांचा चंबू करून चार अंक मोजेपर्यंत हवा हळूहळू बाहेर सोडावी. ती जोराने ढकलायची नाही, पोट आवळायचे नाही, गालही फुगवायचे नाहीत. ओठांजवळ थोडा अडथळा झाल्याने श्वासनलिकांत किंचित दाब टिकून राहतो, त्या मधेच मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघून जाते. दोन आणि चार हे आकडे मंत्रासारखे पाळायचे नाहीत. सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेच्या साधारण दुप्पट असावा एवढेच पाहावे. चक्कर येऊ लागली किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या तर श्वास फार खोल व भराभर होत आहेत असे समजून नेहमीच्या श्वासावर यावे.

हा सराव धाप नसताना करायचा आहे. सकाळी चहानंतर पाच मिनिटे, दुपारी पाच मिनिटे आणि झोपण्यापूर्वी पाच मिनिटे असा दोन-तीन आठवडे केला की धाप लागल्यावर तो आपोआप आठवतो. दम कोंडल्यावर प्रथमच ही रीत शिकवायला गेल्यास कोणालाही जमत नाही, आणि मग 'याचा काही उपयोग नाही' असे म्हणून ती सोडून दिली जाते.

पोटाने श्वास घेण्याचा सराव पुष्कळ ठिकाणी सर्वांना सरसकट शिकवला जातो. एक हात छातीवर व एक पोटावर ठेवून, श्वास घेताना पोटावरचा हात वर यावा आणि छातीवरचा फारसा हलू नये, अशी ती रीत आहे. सौम्य आजारात आणि मन शांत करण्यासाठी ती चांगली आहे. परंतु ज्यांची छाती पिंपासारखी फुगलेली असते त्यांच्यात श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) आधीच खाली दबून सपाट झालेले असते, आणि या सरावाने त्यांची धाप कमी होण्याऐवजी वाढू शकते. अशा रुग्णाने हट्टाने तो करत बसू नये. ओठांचा चंबू त्याला पुरे आहे. फायब्रोसिसमध्ये मुख्य अडचण हवा अडकण्याची नसते, त्यामुळे चंबूचा फायदा कमी जाणवतो. तेथे भर द्यायचा तो सावकाशीवर, वारंवार थांबण्यावर आणि ऑक्सिजनच्या आकड्यावर.

अचानक धाप लागली तर काय करायचे हेही आधीच ठरलेले असावे. खुर्चीत पुढे वाकून दोन्ही कोपरे मांड्यांवर टेकावीत. किंवा टेबलावर उशी ठेवून त्यावर हात आणि डोके ठेवावे. बाजारात असल्यास भिंतीला पाठ लावून किंवा कठड्यावर हात टेकून पुढे झुकावे. हातांना आधार मिळाला की मान व खांद्यांचे स्नायू श्वासाच्या कामाला मोकळे होतात. पालथे-उताणे पाडून वारा घालण्यापेक्षा घरच्यांनी रुग्णाला असे बसवावे, समोर बसून त्याच्याबरोबर स्वतःही चंबूतून श्वास सोडावा आणि गर्दी पांगवावी. हळू फिरणारा पंखा चेहऱ्यावर, नाक आणि गालांवर आला तरी बरे वाटते. डॉक्टरांनी तातडीचा पंप दिला असेल तर तो सांगितलेल्या मात्रेत घ्यावा.

रोजच्या कामात हाच श्वास

खुर्चीतला सराव खुर्चीतच राहिला तर त्याचा उपयोग थोडा. नियम एकच आहे: जोर लावण्याच्या क्षणी श्वास सोडायचा, आणि श्वास कधीही रोखायचा नाही. कळशी उचलण्यापूर्वी नाकाने श्वास घ्यावा, उचलताना चंबूतून सोडावा. जिन्यापाशी आधी थांबून श्वास घ्यावा, सोडत सोडत एक किंवा दोन पायऱ्या चढाव्यात, पुन्हा थांबून घ्यावा. माडीवर चढायला वेळ दुप्पट लागेल, पण वर पोचल्यावर पाच मिनिटे कठड्याला धरून उभे राहावे लागणार नाही. वाकून चप्पल घालणे, जमिनीवर बसून भाकऱ्या थापणे, उकिडवे बसून कपडे धुणे यांत पोट दाबले जाते आणि श्वासपटलाला जागा उरत नाही. म्हणून ओटा, स्टूल आणि कमोड यांवर केलेला खर्च औषधाइतकाच महत्त्वाचा समजावा. आंघोळ हे या रुग्णांचे सर्वांत दमवणारे काम असते. स्टुलावर बसून, दार थोडे उघडे ठेवून, फार वाफ न करता ती करावी आणि अंग पुसत उभे राहण्यापेक्षा मोठा टॉवेल पांघरून बसावे. हात खांद्याच्या वर जाणारी कामे, म्हणजे केस विंचरणे किंवा दोरीवर कपडे वाळत घालणे, चालण्यापेक्षाही अधिक धाप लावतात. कोपरे टेकवून किंवा दोरी खाली बांधून त्यावर मार्ग काढता येतो.

कफ बाहेर काढणे

ब्राँकिएक्टॅसिस किंवा क्षयरोगानंतरची हानी असलेल्यांनी हा भाग रोज करावा. ज्यांना कफ येतच नाही त्यांनी तो सोडून दिला तरी चालेल. नुसते खोकत राहिल्याने माणूस थकतो, श्वासनलिका आवळतात आणि बेडका जागचा हलत नाही. त्याऐवजी पुढील फेरी करावी. प्रथम अर्धा-एक मिनिट शांत, सैल श्वास. नंतर तीन किंवा चार वेळा नाकाने खोल श्वास घेऊन, भरलेल्या छातीत दोन-तीन सेकंद ठेवून, जोर न लावता सोडावा. श्वास थोडा वेळ आत ठेवायचा तो फक्त येथे, आणि त्यानेही धाप वाढत असल्यास तेवढा भाग गाळावा. पुन्हा शांत श्वास. मग आरशावर वाफ धरण्यासाठी करतो तसे तोंड व गळा उघडे ठेवून 'हा' असा श्वास एक-दोनदा सोडावा: आधी मध्यम श्वास घेऊन लांब 'हा', ज्याने खोलवरचा कफ वर सरकतो, आणि कफ वर आल्यासारखा वाटला की खोल श्वास घेऊन आखूड, जोरकस 'हा'. त्यानंतर एकदाच खोकून कफ बाहेर टाकावा. अशा फेऱ्या दहा ते वीस मिनिटे, सकाळी रिकाम्या पोटी आणि सायंकाळी जेवणापूर्वी कराव्यात. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) किंवा पंप सांगितला असेल तर तो आधी घ्यावा. कफ झाकणाच्या डब्यात टाकून त्याचा रंग व प्रमाण पाहावे, कारण कफ वाढणे, घट्ट होणे किंवा हिरवट-पिवळा होणे ही आजार उसळण्याची पहिली खूण असते. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे.

चालणे: या सगळ्याचा गाभा

श्वासाचे प्रकार कितीही उत्तम जमले तरी पाय चालले नाहीत तर फारसा बदल होत नाही. माझ्या मते रुग्णाजवळ एकाच गोष्टीपुरता वेळ आणि उमेद असेल तर त्याने चालणे निवडावे.

किती जोराने चालावे हे ठरवण्यासाठी धापेला शून्य ते दहा असे गुण द्यायला शिकावे. शून्य म्हणजे मुळीच धाप नाही, तीन म्हणजे मध्यम, पाच म्हणजे पुष्कळ, दहा म्हणजे सहन होण्याची शेवटची मर्यादा. व्यायाम करताना धाप चारच्या आसपास, कधी पाचपर्यंत जावी. एवढ्या धापेत छोटे वाक्य बोलता येते, पण सलग गप्पा मारता येत नाहीत. एक-दोन गुणांवरच चालत राहिल्यास स्नायूंना ताण पडत नाही आणि फायदा होत नाही. सात-आठवर गेल्यास दुसऱ्या दिवशी माणूस उठत नाही आणि पुढे व्यायामालाच घाबरतो. धाप लागणे म्हणजे इजा होणे नव्हे, हे रुग्णाला आणि त्याहून अधिक घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. थांबल्यावर पाचेक मिनिटांत श्वास पूर्ववत होत असेल तर ती धाप कामाची आहे.

पहिल्या आठवड्यात सलग चालण्याचा हट्ट धरू नये. एक किंवा दोन मिनिटे चालावे, एक मिनिट उभे राहून किंवा बसून चंबूतून श्वास सोडावा, पुन्हा चालावे, आणि अशी एकूण दहा मिनिटांची चाल जमवावी. चालतानाही लय ठेवावी: दोन पावलांत श्वास घ्यावा, चार पावलांत सोडावा. चार पावले जमत नसतील तर तीन. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवत वीस ते तीस मिनिटांपर्यंत जावे, आणि आठवड्यातून निदान पाच दिवस चालावे. आधी वेळ वाढवायचा, मग वेग, आणि चढ सर्वांत शेवटी. गंभीर आजारात सलग वीस मिनिटे कधीच जमणार नाहीत. मधे थांबत थांबत केलेल्या चालीचाही तेवढाच फायदा होतो, त्यात कमीपणा मानू नये.

ऑक्सिमीटर असेल तर चालण्यापूर्वी, मध्ये आणि थांबल्यावर लगेच आकडा पाहावा. तो ८८ च्या खाली गेला तर थांबावे, वर येऊ द्यावे आणि पुढच्या वेळी वेग कमी ठेवावा. तो वारंवार खाली जात असेल तर चालताना ऑक्सिजन लागेल का हे डॉक्टरांना विचारावे. फायब्रोसिसच्या रुग्णांत धाप फारशी वाढलेली नसतानाही आकडा झपाट्याने उतरू शकतो, म्हणून त्यांनी ऑक्सिमीटरशिवाय एकट्याने चालू नये.

जागा आणि वेळ ठरवताना आपल्या भागाचा विचार करावा. टिळकवाडीचा वॅक्सिन डेपो, किल्ल्याच्या तलावाकाठचा रस्ता अशा सपाट, झाडांच्या आणि बसायला जागा असलेल्या ठिकाणी सुरुवात सोपी जाते. उड्डाणपुलाचा चढ किंवा गडाची वाट सुरुवातीला टाळावी. थंडीत पहाटेचा हट्ट धरू नये. बेळगावच्या गारठ्यात पहाटे चुलींचा, बंबांचा आणि पेटवलेल्या कचऱ्याचा धूर जमिनीलगत अडकून राहतो, आणि थंड हवेने श्वासनलिका आवळतात. ऊन पडल्यावर निघावे आणि नाकातोंडावर सुती रुमाल किंवा मफलर घ्यावा. गळिताच्या हंगामात शेतांत पाचट पेटवलेले असेल तर त्या दिवशी घरातच चालावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात आठवडेच्या आठवडे बाहेर पडता येत नाही. तेव्हा सोपा, पडवी किंवा देवळाचा सभामंडप वापरावा. सोपा पाच मीटर लांब असेल तर एक जाऊन-येऊन फेरी दहा मीटरची होते, आणि तीस फेऱ्यांत तीनशे मीटर चालणे होते. जागीच पाय उचलून चालणे हाही चालणारा पर्याय आहे.

प्रगती मोजण्यासाठी महिन्यातून एकदा, कोणीतरी जवळ असताना, खुर्चीची चाचणी करावी. हात छातीशी घडी करून एका मिनिटात किती वेळा पूर्ण उठून बसता येते ते मोजावे आणि शेवटी धापेचा गुण व ऑक्सिजन लिहावा. तीन उठबशी वाढल्या तरी ती खरी सुधारणा समजली जाते. फायदा सहसा सहा-आठ आठवड्यांनी दिसू लागतो आणि व्यायाम सोडला की तो हळूहळू ओसरतो, म्हणून हा कार्यक्रम औषधासारखाच कायमचा धरावा.

ताकदीचे व्यायाम

एक दिवसाआड, आठवड्यातून दोन-तीन वेळा हे करावेत. खुर्चीवरून उठणे-बसणे हा त्यांतला सर्वांत मोलाचा व्यायाम आहे: उठताना श्वास सोडावा, बसताना घ्यावा. खुर्चीत बसून एकेक पाय गुडघ्यातून सरळ करून पाच सेकंद धरावा. भिंतीला हात लावून टाचा उचलाव्यात. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून भिंतीवरच जोर काढावेत. हातांसाठी अर्धा लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन कोपर वाकवणे आणि हात खांद्यापर्यंत पुढे उचलणे एवढे पुरे. खांद्याच्या वर नेणे धाप पाहून नंतर वाढवावे. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा करावा, मग विश्रांती, आणि जमल्यास दुसरी फेरी. बारा वेळा सहज होऊ लागले की बाटली एक लिटरची घ्यावी. आधी पाच मिनिटे हातपाय सैल करावेत, नंतरही एकदम बसू नये, आणि जेवणानंतर दीड-दोन तास तरी जाऊ द्यावेत.

जे करू नये

फुगे फुगवण्याचा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो. जोर लावून फुंकल्याने छातीत दाब वाढतो, रुग्ण दमतो आणि पाय जिथल्या तिथेच राहतात. फुप्फुसात हवेच्या मोठ्या पोकळ्या असलेल्या रुग्णाने तर फुगे फुगवूच नयेत. श्वास ओढून गोळ्या वर उचलायचे तीन गोळ्यांचे यंत्र शस्त्रक्रियेनंतर किंवा न्यूमोनियानंतर देतात. सीओपीडीत रोज ते ओढत बसल्याने चालण्याची जागा भरून निघत नाही. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरायचे कुंभक हे मध्यम वा गंभीर विकारात करू नयेत, कारण त्यांत श्वास भराभर होतो किंवा अडवला जातो आणि आपण वर पाहिले त्याच्या नेमके उलट घडते. श्वास न रोखता केलेला अनुलोम-विलोम, ओंकार, भ्रामरी किंवा बसून सावकाश म्हटलेले भजन यांत उच्छ्वास आपोआप लांबतो, म्हणून ते आनंदाने करावे.

पंप, ऑक्सिजन, हवा आणि जेवण

व्यायामाआधी पंप सांगितला असेल तर तो दहा-पंधरा मिनिटे आधी घ्यावा. दाबायच्या पंपाला स्पेसर (औषध साठवून सावकाश ओढू देणारी नळी) लावावा. कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्रात मात्र श्वास जोराने आणि खोल ओढावा लागतो. पुष्कळ रुग्ण वर्षानुवर्षे चुकीच्या पद्धतीने पंप घेत असतात, म्हणून प्रत्येक भेटीत डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवावा. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरावी.

घरी ऑक्सिजन लावला असेल तर तो सांगितलेल्या प्रवाहानेच चालवावा. काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि मनाने ऑक्सिजन वाढवल्यास गुंगी येऊन प्रकृती बिघडू शकते. अशांच्या बाबतीत ८८ ते ९२ एवढाच आकडा राखायचा असतो. कायमचा ऑक्सिजन सांगितलेला असल्यास तो दिवसाचे निदान पंधरा तास घ्यावा, आणि नळी लांब असेल तर नळीसह घरात फिरावे. चूल, शेगडी, समई, उदबत्ती यांपासून तो किमान तीन मीटर दूर असावा, त्या खोलीत कोणीही विडी ओढू नये आणि नाकाला तेलकट बाम लावू नये.

घरात गॅस आला तरी परड्यात बंब पेटतोच आणि धूर खिडकीतून सोप्यात येतो. रुग्णाच्या घरात पाणी गॅसवर, विजेवर किंवा सौरऊर्जेवर तापवावे. निदान बंब धूर घरात येणार नाही अशा बाजूला, दूर हलवावा. विडी, सिगारेट आणि मिश्री सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य मदत मिळते. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकल लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. पोट तडस भरले की श्वासपटल दबते, म्हणून दोनदा भरपेट जेवण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. अंडी, डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, दही यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी असावे, कारण प्रथिनांशिवाय व्यायाम केल्यास स्नायू भरत नाहीत.

केव्हा थांबावे, आणि पुन्हा केव्हा सुरू करावे

छातीत दुखणे किंवा आवळल्यासारखे होणे, भोवळ, घाम फुटून अंग गार पडणे, नाडी अनियमित होणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम तिथेच थांबवावा. विश्रांती घेऊनही धाप कमी न होणे, एक वाक्यही पुरे बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर पडणे, बोलण्यात गोंधळ किंवा अनावर झोप येणे, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे दिसली तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. एका पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली आणि धाप वाढली, तर तेही त्याच दिवशी दाखवावे.

आजार उसळल्यावर बहुतेक जण व्यायाम कायमचा सोडतात, आणि नेमकी तीच वेळ पुन्हा उभे राहण्याची असते. रुग्णालयात झोपून काढलेल्या थोड्या दिवसांतही मांड्यांची ताकद लक्षात येण्याइतकी घटते. घरी आल्यावर ताप नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर पहिल्या दिवसापासून पलंगाशेजारी उभे राहणे, खुर्चीवरून उठणे-बसणे आणि स्वच्छतागृहापर्यंत स्वतः चालत जाणे सुरू करावे. घरी सोडल्यापासून चार आठवड्यांच्या आत पुनर्वसन सुरू केल्यास पुन्हा दाखल होण्याची शक्यता कमी होते. सुरुवात आजारापूर्वीच्या निम्म्या वेळेने करावी, धापेचा गुण चारवर ठेवावा, आणि वहीत त्या दिवशीची तारीख, चाललेली मिनिटे व ऑक्सिजनचा आकडा लिहून पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.